प्रभातचे फाटक आणि शांता आपटे

शांता आपटे यांच्याविषयी पुणेकरांच्या स्मरणात मुख्यतः तीन गोष्टी उरल्या आहेत. 'कुंकू'मधली नीरा त्यांनी केली, ही पहिली. चित्रसृष्टीतल्या एका वजनदार संपादकाच्या कचेरीत जाऊन त्यांनी त्याला छडीने चोपले असे सांगतात, ही दुसरी. आणि जुलै १९३९ मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषण केले, ही तिसरी. पहिली गोष्ट अभिमानाने, दुसरी चवीने, तर तिसरी थोडे हसून सांगण्याची आपली रीत आहे. 'बाई मोठी तापट होती हो,' या वाक्याने बहुधा विषय संपतो.

माझे म्हणणे असे, की तिसरी गोष्ट या तिन्हींत सर्वांत महत्त्वाची आहे. पगारावर काम करणाऱ्या कलावंताचा त्याच्या श्रमावर, वेळेवर आणि नावावर हक्क किती, हा प्रश्न त्या उपोषणाने भर रस्त्यात मांडला. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्याच बाईंनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून तो तर्काने मांडला. उपोषण आणि पुस्तक एकत्र वाचले, की 'तापटपणा' हा शब्द अपुरा पडतो. तो शब्द आपण का पत्करला आणि त्याने काय झाकले गेले, हे पाहण्यासाठी हा लेख.

सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या स्टेशनमास्तरांची ही मुलगी. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात गाणे शिकली, पुण्यात गणेशोत्सवात गाऊ लागली. चित्रपटात आली ती भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून (१९३२). पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा हा बोलपट. शाहू मोडक कृष्ण आणि शांता आपटे राधा. चित्रपट तुफान चालला. सोबतीला थोरले बंधू बाबूराव असत आणि बहिणीचे व्यवहार तेच बघत. त्या काळी घरंदाज मुलगी सिनेमात गेली की तिच्या आणि जगाच्या मध्ये कोणीतरी पुरुष उभा असावा लागे. बापाने, भावाने किंवा नवऱ्याने करार वाचायचा, मुलीने सही करायची.

याच सुमारास, १९३३ मध्ये, प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ती स्थापली होती. पुण्याच्या आवारात चित्रीकरणाचे मोठे दालन, प्रयोगशाळा, कपडेपट, सुतारकाम, संगीत विभाग सगळे एका कुंपणाच्या आत आले. माणसे महिन्याच्या पगारावर असत. नट, गायक, वादक, रंगारी, सुतार साऱ्यांना हजेरी होती. पुण्यात तयार झालेला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४) हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला आणि त्यात शांताबाईंना सुमित्रेची भूमिका मिळाली.

'अमृतमंथन' म्हटले की आपल्याला राजगुरूचा पडदाभर डोळा आठवतो. हिंदीत तो चंद्रमोहनचा, मराठीत केशवराव दाते यांचा. पण त्याच चित्रपटात शांताबाई गाताना काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या बोलपटात गाणे म्हणजे नाटकातल्या पदाचीच उभी राहण्याची पद्धत होती. नट समोर तोंड करून स्थिर उभा राहायचा आणि गळ्याने काम करायचा. शांताबाई गाताना हलतात. मान वळते, डोळे शब्दाच्या आधी पोचतात, हाताचा एखादा झटका तालाशी नव्हे तर अर्थाशी जोडलेला असतो. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार पाठीशी होता, हे खरेच. भोळ्यांना चित्रपटातले गाणे मैफलीपेक्षा आटोपशीर आणि प्रसंगाला धरून हवे असे. पण चाल लिहिता येते, मानेचे वळण लिहिता येत नाही. ते बाईंचे होते.

'प्रभात'ची व्यवस्था कशी होती हे समजण्यासाठी हॉलिवूडकडे एक नजर टाकली पाहिजे. वॉर्नर, मेट्रो, पॅरामाउंट या कंपन्या नटाशी बहुधा सात वर्षांचा करार करीत. मुदत वाढवायची की नाही ते कंपनी ठरवी. नट स्वतःहून सुटू शकत नसे. दिलेली भूमिका नाकारली तर पगार बंद होई आणि जितके दिवस बंद राहील तितके करारात जोडले जात. म्हणजे सात वर्षांची नऊ होऊ शकत. कंपनी दुसऱ्याला नट 'उसना' देई आणि फरक स्वतः ठेवी. नाव काय लावायचे, केस कसे ठेवायचे, वर्तमानपत्रांना काय सांगायचे, हेही कंपनीच ठरवी.

पुण्याचे प्रभात आणि बरबँकचे वॉर्नर यांत आकाराचे, पैशाचे आणि मनोवृत्तीचे अंतर होते. प्रभातचे भागीदार स्वतः राबणारे कारागीर होते. दामले, फत्तेलाल यांच्या हातांना रंग आणि यंत्रे दोन्ही ठाऊक होती. कंपनीतल्या कुटुंबभावनेच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या आहेत आणि त्या खोट्या मानायचे कारण नाही. पण कुटुंब आणि कारखाना यांच्यातली रेघ पुसट झाली, की पगाराचा हिशेब मागणारा माणूस कृतघ्न ठरतो. सावकाराशी भांडता येते, वडीलधाऱ्यांशी भांडणे अवघड. प्रभातमधल्या कोणाही असंतुष्ट नोकराची खरी अडचण ही असणार.

आता 'कुंकू'कडे येऊ. १९३७ चा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. अनाथ नीराचे लग्न तिचा मामा पैशासाठी एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. नीरा त्या घरात येते, पण पत्नी व्हायला नकार देते. घरातल्या कामाला ती नाही म्हणत नाही. लग्नाला मात्र शेवटपर्यंत नाही म्हणते. केशवराव दाते यांनी काकासाहेब इतके माणूस करून उभे केले, की त्यांचा राग येता येता कीव येते. आरशासमोर मिशा रंगवणारा तो म्हातारा आणि भिंतीवरचे मोठे घड्याळ ही चित्रपटाची प्रसिद्ध प्रतीके आहेत. आजवर लिहिणाऱ्यांनी या प्रतीकांवर पुष्कळ शाई खर्च केली. दिग्दर्शक शांताराम यांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, याचा परिणाम नटावर काय होतो हा विचार कमी झाला आहे. वाद्यवृंदाची साथ असेल तर प्रेक्षकाने केव्हा हळवे व्हायचे ते व्हायोलिन सांगते. इथे ते नाही. घरातलेच आवाज आहेत: घड्याळाचे टोल, पावले, दारे, भांडी. म्हणजे नीराच्या मनातले सगळे शांताबाईंच्या चेहऱ्याने, आवाजाने आणि न बोलण्याने सांगायचे. त्यांनी ते कसे केले? मला दिसते ते असे, की त्या रडण्याला जवळ करीत नाहीत. दुःखाची बाई दाखवायची म्हणजे डोळ्याला पदर, ही त्या काळची ठरलेली मुद्रा होती. नीरा प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते आणि उत्तर येईपर्यंत नजर काढत नाही. त्या नजरेत उर्मटपणा शोधणाऱ्याला तो सापडेल. मला तिथे हिशेब मागणारी माणसाची नजर दिसते.

सावत्र मुलगा लंपटपणा करायला येतो तेव्हा नीरा त्याला फटके देते. हा प्रसंग १९३७ च्या प्रेक्षकाला केवढा धक्का देणारा वाटला असेल! आणि हीच शांता आपटे लाँगफेलो यांची 'ए साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता पडद्यावर गाते. एका मराठी घरातल्या, विकत आणलेल्या बायकोच्या तोंडी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवीची उमेद घालायची, ही कल्पना कागदावर विचित्र वाटते. पडद्यावर ती पटते, कारण गाणारी बाई तिला शोभेचा दागिना करीत नाही. ती उपयोगाची वस्तू उचलावी तशी ती कविता उचलते.

आणखी एक गोष्ट. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' म्हणून निघाला. हल्लीसारखे नंतर दुसऱ्या भाषेत आवाज चढवलेले नव्हते. दोन भाषांत दोन चित्रपट उभे राहिले. जवळपास प्रत्येक प्रसंग शांताबाईंनी दोनदा जगला, दोनदा उच्चारला, गाणी दोन भाषांत स्वतः गायली. नटी आणि गायिका ही दोन माणसांची कामे एका देहाने, दोन भाषांत. आपण 'कुंकू'ला एक कलाकृती म्हणून मोजतो. हजेरीपटावर तो चार जणांचा श्रम होता. हा हिशेब समीक्षेत येत नाही, कारण समीक्षा तयार चित्रपट बघते, तो बनवताना गेलेले दिवस बघत नाही. शांताबाईंनी मात्र ते दिवस मोजले होते.

'कुंकू'त शकुंतला परांजपे यांनी काकासाहेबांची कन्या सुशीला केली आहे. रँग्लर परांजपे यांची ही मुलगी पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी ओळखली गेली. एकाच चित्रपटात या दोघी शेजारी दिसतात तेव्हा मला एक भेद जाणवतो. परांजपे यांना चित्रपट हा आयुष्यातला एक अनुभव होता. शांताबाईंना तो पोटाचा धंदा होता. दुर्गा खोटे यांच्याबाबतही हाच मुद्दा येतो. त्या मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातल्या. प्रभातमध्ये 'अयोध्येचा राजा' आणि 'अमरज्योती' करून त्या इतर कंपन्यांतही मोकळेपणाने काम करीत राहिल्या आणि एकाच कंपनीला बांधून न घेणाऱ्या पहिल्या मोठ्या नट्यांत त्यांची गणना झाली. त्यांचे धाडस कमी लेखायचे नाही. पण दार उघडून बाहेर पडायला आधी बाहेर उभे राहण्याइतकी जमीन लागते. स्टेशनमास्तरांच्या मुलीकडे ती नव्हती. तिने म्हणून फाटकातच ठाण मांडले.

'कुंकू'नंतर 'वहाँ' (१९३७) आणि 'गोपालकृष्ण' (१९३८) आले. 'गोपालकृष्ण'मध्ये राम मराठे कृष्ण होते, शांताबाई राधा. त्यानंतरच्या वर्षी करार आणि पगार यांवरून कंपनीशी त्यांचे बिनसले आणि जुलैमध्ये त्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुणे शहराला उपोषण नवे नव्हते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण केले आणि पुणे करार झाला. मे १९३३ मध्ये त्यांनी येरवड्यात सुरू केलेले एकवीस दिवसांचे उपोषण पर्णकुटीत पूर्ण झाले. त्याच १९३९ च्या मार्चमध्ये राजकोटचे उपोषण झाले होते. म्हणजे या शहराला उपोषणाचा अर्थ चांगला कळत होता: ज्याच्याकडे दुसरे शस्त्र नाही, तो स्वतःचे शरीर पणाला लावतो.

शांताबाईंच्या बाबतीत हा अर्थ कोणी लावला नाही. महात्म्याचे उपोषण आत्मशुद्धी, नटीचे उपोषण नखरा. विचार केला तर नटीच्या उपोषणात एक वेगळाच तर्क आहे. नटीचे शरीर हेच तिच्या कामाचे हत्यार आणि कंपनीचे भांडवल. कंपनीने ते चेहऱ्याच्या, गळ्याच्या रूपाने भाड्याने घेतलेले. ते शरीर उपाशी ठेवणे म्हणजे गिरणी कामगाराने माग थांबवणे. संप करायला संघटना लागते, आणि एकट्या नटीचा संप कोणी मोजला नसता. एकट्या माणसाला करता येण्यासारखा संप म्हणजे उपोषण.

कायद्याचा आधारही नव्हता. मुंबई प्रांतात औद्योगिक कलह कायदा १९३८ मध्ये झाला तो गिरण्यांच्या तंट्यांकडे बघून, आणि कामगारांचा संपाचा हक्क आवळतो म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध मोठा संपही झाला. चित्रपटातली नटी कामगार आहे, हे म्हणायची भाषाच तेव्हा तयार नव्हती. सिने कामगारांसाठी वेगळा कायदा देशात व्हायला १९८१ उजाडले.

याच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत काय चालले होते ते पाहिले की पुण्याची घटना एकटी राहत नाही. १९३६ मध्ये बेटी डेव्हिस वॉर्नरने दिलेली भूमिका नाकारून इंग्लंडला गेली. तोवर तिला 'डेंजरस'साठी ऑस्कर मिळाले होते. तिथे दुसऱ्या निर्मात्याकडे काम करायचा तिचा बेत होता. वॉर्नरने लंडनच्या उच्च न्यायालयात मनाई हुकूम मागितला. कंपनीचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी न्यायमूर्तींना सांगितले, की हे सारे एका खट्याळ तरुणीचे वागणे आहे, तिला जास्त पैसे हवेत, इतकेच. तिच्या बाजूने गुलामगिरीचा उल्लेख झाला तेव्हा हेस्टिंग्ज यांनी या गुलामगिरीला पगार मात्र चांगला आहे, असा टोला मारला. न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. डेव्हिस परत वॉर्नरकडे गेली.

'खट्याळ तरुणी' आणि 'तापट बाई'. लंडनचे न्यायालय आणि पुण्याचा कट्टा यांत हजारो मैलांचे अंतर, पण युक्तिवाद एकच. बाईने हिशेब मागितला, की उत्तर हिशेबाचे द्यायचे नाही, तिच्या स्वभावाचे द्यायचे. मुद्दा बाजूला पडतो आणि चर्चा बाईवर घसरते. पुरुष नटांनीही करार मोडले. जेम्स कॅग्नी त्याच वर्षी वॉर्नरशी कज्जा खेळून बाहेर पडला. त्याला कोणी खट्याळ मुलगा म्हटले नाही.

डेव्हिस हरली, पण प्रश्न मिटला नाही. १९४३ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंडने कॅलिफोर्नियात वॉर्नरवर दावा लावला. सात वर्षांचा करार म्हणजे पंचांगातली सात वर्षे. पगार बंद असलेले दिवस त्यात मिळवता येणार नाहीत, हे तिचे म्हणणे डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. तो निकाल अजून तिच्या नावाने ओळखला जातो. हॉलिवूडच्या कंपनीशाहीला बसलेल्या मोठ्या तड्यांपैकी हा एक. तिथे एका नटीचे भांडण कायदा झाले. आपल्याकडे एका नटीचे भांडण किस्सा झाले. दोघींच्या धैर्यात उणेअधिक नव्हते. तिथे नटांची संघटना १९३३ पासून होती, कायद्यात कराराच्या मुदतीचे कलम होते आणि दाद मागायला न्यायालय होते. इथे फाटक होते.

किस्सा झाला तरी शांताबाई गप्प बसल्या नाहीत, हे 'जाऊ मी सिनेमात?' या पुस्तकावरून दिसते. नटीचे पुस्तक म्हणून आत्मचरित्राची अपेक्षा ठेवून ते उघडणाऱ्याची निराशा होईल. गुपिते नाहीत, प्रेमप्रकरणे नाहीत. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला उद्देशून या धंद्याची रचना त्या उलगडून दाखवतात. पैसा कुठून येतो, कोणाच्या हाती जातो, नट त्या साखळीत कुठे उभा असतो आणि त्याच्या वाट्याला काय येते. थकवा हा त्या लेखनातला मध्यवर्ती विषय आहे. दिवसभर दिव्यांच्या प्रखर उजेडात काम करून माणूस कसा रिता होतो, आणि त्या रितेपणाची नोंद कोणत्याही हिशेबवहीत कशी नसते, हे सांगणारे इतके जुने लेखन कोणत्याही भारतीय भाषेतल्या नटाने केलेले माझ्या वाचनात नाही.

अलीकडे चित्रपटाचा श्रमाच्या अंगाने अभ्यास करणाऱ्या इंग्रजीतल्या संशोधकांनी या पुस्तकाकडे गंभीरपणे पाहिले. नीपा मजुमदार यांनी शांताबाईंच्या प्रतिमेचा विचार केला, तर देबश्री मुखर्जी यांनी त्यांच्या थकव्याच्या मांडणीला सिद्धान्ताचा दर्जा दिला. मराठीत मात्र नटींच्या लेखनाची आपली यादी पाहा. दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे', हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका', शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात'. ही सगळी मोलाची पुस्तके, पण सगळी आयुष्याची कहाणी सांगणारी. नटीने आयुष्य सांगावे, ते आपल्याला चालते, आवडतेही. नटीने धंद्याचे अर्थशास्त्र सांगितले की ते कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे कळत नाही, आणि पुस्तक कप्प्याबाहेर राहते. प्रभातचा इतिहासही आपण बहुतांश मालकांच्या, दिग्दर्शकांच्या आणि चाहत्यांच्या लेखणीतून वाचला. शांतारामांचे 'शांतारामा', बापू वाटव्यांचे 'एक होती प्रभातनगरी' यांनी आपल्याला पुष्कळ दिले. त्यांच्या शेजारी 'जाऊ मी सिनेमात?' ठेवले, तर त्याच नगरीचा हजेरीपट वाचायला मिळेल.

प्रभात सोडल्यावरची शांताबाईंची वाटचाल हा उताराचा प्रवास म्हणून सांगितली जाते. ते अर्धे खरे आहे. १९४१ मध्ये त्यांनी 'सावित्री' हा तमिळ चित्रपट केला. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली होती. पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' केला. पुण्याहून मद्रास, तिथून लाहोर, मुंबई. एका कंपनीची नटी देशभर हिंडणारी व्यावसायिक कलावंत झाली. ज्या स्वातंत्र्यासाठी त्या उपाशी बसल्या ते त्यांनी वापरले, असे मी म्हणेन.

उताराचे कारण मला वेगळे दिसते. १९३५ पासून पार्श्वगायन आले होते आणि पुढच्या दहा वर्षांत ते रुळले. गाणारी एक, दिसणारी दुसरी अशी विभागणी झाली. निर्मात्याला ते सोयीचे होते. मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा'त (१९४६) शांताबाई नायिका होत्या आणि लता मंगेशकर छोट्या भूमिकेत. दोघींनी त्यात एकत्र गाणेही गायले. नटी-गायिका हा एक अखंड पेशा मावळत होता आणि गायिका हा स्वतंत्र पेशा उगवत होता, त्या दोन्ही टोकांना एकाच चित्रपटात पाहता येते. पुढे लताबाईंनी गायकाच्या नावासाठी आणि मानधनातल्या हक्कासाठी निर्मात्यांशी आणि सहकाऱ्यांशी जे वाद घातले ते सर्वांना माहीत आहेत. तो धागा मागे नेला तर प्रभातच्या फाटकापर्यंत जातो. तेथेही 'हेकेखोर' हा शब्द वापरला गेलाच. फरक इतकाच, की तोवर लताबाई इतक्या उंच पोचल्या होत्या की शब्द खाली राहिला.

छडीच्या गोष्टीविषयी एवढेच, की नीराने पडद्यावर सावत्र मुलाला मारलेले फटके आणि शांताबाईंनी पडद्याबाहेर मारल्याचे सांगितले जाणारे फटके लोकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. करारी स्त्रीची ही प्रतिमा कंपनीला तिकीटखिडकीवर उपयोगी होती. तीच प्रतिमा कंपनीच्या दाराशी येऊन बसली तेव्हा तिचे हसे झाले. पडद्यावर 'मला हे लग्न मान्य नाही' म्हणणारी नीरा सुधारणावादी पुण्याने डोक्यावर घेतली. 'मला हा करार मान्य नाही' म्हणणारी शांता आपटे त्याच पुण्याला पचली नाही. लग्न हाही एक करार, तोही मुलीच्या वतीने पुरुषांनी केलेला. 'कुंकू' पाहून आपण पहिल्या करारावर विचार करायला शिकलो. दुसऱ्यावर विचार करायचे राहून गेले.

शांताबाई फेब्रुवारी १९६४ मध्ये मुंबईत अंधेरीला वारल्या. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. चित्रपट जपण्याची सोय झाली. चित्रपट करणाऱ्यांचे श्रम जपण्याची सोय अजून व्हायची आहे. कायद्याने कलावंताला सादरीकरणाचे हक्क १९९४ मध्ये दिले, २०१२ मध्ये ते वाढवले. तरी आजही मालिकांच्या चित्रीकरणातला तासांचा हिशेब, थकलेली मानधने आणि न वाचता केलेल्या सह्या यांच्या कहाण्या आपल्या आसपास आहेतच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवस संप केला. त्यातला एक मोठा मुद्दा असा होता, की कंपनीने नटाचा चेहरा आणि आवाज यंत्रात भरून ठेवला तर पुढे त्याच्यावर मालकी कोणाची. शरीर कोणाचे, हाच तो प्रश्न, नव्या यंत्राच्या भाषेत.

प्रभातच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २०१५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यात उपोषणही झाले. तेव्हा त्या आवाराचा इतिहास सांगताना ऋत्विक घटकांपासून अनेकांची नावे निघाली. त्याच आवाराच्या दाराशी सर्वांत आधी हक्कासाठी उपाशी बसलेल्या बाईंचे नाव त्या यादीत असायला हवे. त्याहून निकडीचे काम म्हणजे 'जाऊ मी सिनेमात?'ची संपादित, टीपांसह आवृत्ती निघणे आणि ती चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुला-मुलीच्या हाती पहिल्याच वर्षी पडणे. पुस्तकाच्या नावात प्रश्नचिन्ह आहे. पंच्याऐंशी वर्षांनंतरही सही करण्याआधी तो प्रश्न विचारण्यासारखा आहे.